घंटा कुठल्या देवळाची?

उज्जैनला फ्रीगंजात माझी मावशी राहते. वय ऐंशीच्या पुढे, पण जिभेची धार शाबूत. तिचा डावा कान काही वर्षांपूर्वी पूर्ण गेला. उजव्याला यंत्र आहे. गेल्या खेपेस दिवेलागणीला आम्ही गच्चीत बसलो होतो. आजूबाजूच्या देवळांतून घंटा सुरू झाल्या. उज्जैनमध्ये देवळांना काय तोटा! मावशी जरा वेळ मान तिरकी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "घंटा ऐकू येते रे, पण कुठल्या देवळाची ते कळत नाही. सगळ्या माझ्या डोक्यातच वाजतात."

मावशीचं लहानपण छत्री चौकात गेलं, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिराच्या शेजारी. तेव्हा डोळे मिटूनसुद्धा कुठली घंटा कुठून येते ते तिला सांगता यायचं. आता आवाज आहे, पण त्याचा पत्ता हरवलाय.

आवाजाचा पत्ता म्हणजे नेमकं काय? आणि तो कानाला कळतो तरी कसा?

दुसऱ्या दिवशी मी वेधशाळेत गेलो. शिप्रेच्या बाजूला, सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली. मधल्या काळात ती पडझडीला आली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे या ज्योतिर्गणित्याने तिचा कारभार पाहिला. तिथे एक गोल भिंतींचं यंत्र आहे, दिगंश यंत्र. आकाशातली एखादी गोष्ट क्षितिजावर कुठल्या कोनात आहे, ते त्यावरून मोजायचं. नावातच सगळं आलं: दिशेचा अंश. शेजारच्या सम्राट यंत्रावर उन्हाची सावली पडते आणि वेळ कळते. ही वेळ उज्जैनची स्वतःची. तुमच्या मोबाइलच्या घड्याळाहून ती सरासरी २७ मिनिटं मागे असते, कारण भारताची प्रमाणवेळ इथून बऱ्याच पूर्वेच्या रेखांशावर ठरते. एके काळी मात्र भारतीय ज्योतिषाचा शून्य रेखांश याच गावातून जायचा.

त्या दिगंश यंत्रात उभं राहिलो आणि वाटलं, ताऱ्याचा दिगंश मोजणं सोपं आहे. प्रकाश सरळ रेषेत येतो. नजर रोखायची आणि कोन वाचायचा. पण घंटेचा दिगंश कसा मोजणार? आवाज भिंतीला वळसा घालून येतो, कोपऱ्यावरून वाकतो, जिन्यावरून चढून येतो. त्यावर नजर रोखता येत नाही, त्याची धड सावलीही पडत नाही.

उत्तर ऐकून उज्जैनचं सम्राट यंत्रही खूश होईल. आवाजाची दिशा मोजायची ती घड्याळाने!

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुमच्या दोन कानांत वीतभर अंतर. घंटा उजवीकडे वाजली तर आवाज आधी उजव्या कानात शिरतो आणि डोक्याला वळसा घालून मग डाव्यात. हा उशीर जास्तीत जास्त किती? सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. घंटा जवळजवळ समोर असेल आणि फक्त एका अंशाने उजवीकडे सरकली, तर हा फरक उरतो जेमतेम १० मायक्रोसेकंद. पापणी लवायला लागणाऱ्या वेळाचा दहा हजारावा भाग! आणि तो तुमच्या मेंदूला कळतो. तुम्ही गणित करत नाही, घाम गाळत नाही, नुसतं "कोण आहे तिकडे?" म्हणून वळता.

मेंदूकडे असं घड्याळ कुठलं? लॉइड जेफ्रेस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली एक झकास कल्पना मांडली. समजा एकेरी रुळाच्या दोन टोकांकडून, उज्जैनहून आणि इंदूरहून, दोन माणसं सारख्याच वेगाने चालत निघाली. ती जिथे भेटतील त्या जागेवरून कोण आधी निघालं ते कळतं की नाही? ठीक मध्यावर भेटली तर दोघं एकदमच निघाली. इंदूरच्या जवळ भेटली तर उज्जैनवाला आधी निघाला. घड्याळाची गरजच नाही, भेटीची जागा हेच घड्याळ. दोन कानांचे संदेशही असेच दोन बाजूंनी येतात आणि जी चेतापेशी दोघांना एकाच क्षणी भेटते तीच पेटते. गव्हाणी घुबडाच्या मेंदूत शास्त्रज्ञांना जवळजवळ अशीच मांडणी सापडली. मिट्ट काळोखात उंदराच्या नुसत्या खसफशीवर झडप घालणारा तो पक्षी डोक्यात असा रूळ घालून फिरतो.

मावशीच्या तक्रारीचं कारण इथे कळतं. भेट व्हायला दोन माणसं लागतात. तिचं एकच निघतं, आणि दुसरं कधी येतच नाही.

वीतभर अंतर असलं तर हे जमतं, ठीक. पण ज्याचं डोकंच मोहरीएवढं आहे त्याने काय करायचं? अमेरिकेत ऑर्मिया नावाची एक माशी आहे. तिची मादी रात्री रातकिड्याचं गाणं ऐकत त्याच्या अंगावर जाऊन पोहोचते आणि तिथे आपल्या अळ्या सोडते, ज्या त्याला आतून खातात. (निसर्गात गाणं गाण्याचे धोके असे आहेत.) या माशीचे दोन कान एकमेकांपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. म्हणजे एका कानातून दुसऱ्यात पोहोचायला आवाजाला फार तर दीड मायक्रोसेकंद. कुठल्याच चेतापेशीला एवढा बारीक फरक पकडता येऊ नये. तरी ही बया दोन अंशांपर्यंत अचूक दिशा काढते!

युक्ती यांत्रिक आहे. तिचे दोन कानपडदे एका कडक दांडीने जोडलेले आहेत, तराजूसारखे. एक पडदा जरा आधी ढकलला गेला की दांडी कलते आणि तो चिमूटभर फरक मोठा होऊन पलीकडच्या पडद्यात उमटतो. म्हणजे ऐकण्याआधीच हिशेब झालेला. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला रॉन माइल्स नावाचे अभियंते आहेत. या माशीचा तराजू उलगडून दाखवणाऱ्यांपैकी ते एक. आणि याच माइल्स महाशयांनी पुढे कोळ्याचा धागा हातात घेतला.

आता आपण धाग्याशी आलो, आणि इथून गंमत वाढते.

अगरबत्ती लावा आणि तिच्या धुराकडे पाहा. खोलीतली हवा जिकडे हलते तिकडे धूर हलतो. उदबत्तीची काडी मात्र ढिम्म. का? काडीला वजन आहे, जाडी आहे, हवेने तिला ढकलावं तर ती आपल्या जागेवर अडून राहते. पण वस्तू बारीक बारीक करत नेली तर? एका मर्यादेनंतर हवा तिच्याभोवतून निसटत नाही, मधासारखी तिला चिकटून ओढून नेते. माइल्स आणि त्यांचे सहकारी ज्यान झाऊ यांनी २०१७ साली दाखवलं की कोळ्याचा अर्ध्या मायक्रोमीटर जाडीचा धागा आजूबाजूच्या हवेबरोबर जवळजवळ जशाच्या तसा हलतो, अगदी सेकंदाला एका हेलकाव्यापासून ते ५० हजार हेलकाव्यांपर्यंत. माणसाचा कान २० हजारांवरच थकतो.

यात एक बारीक मेख आहे, आणि मला तीच सगळ्यात आवडते. आपल्या कानाचा पडदा हवेचा दाब मोजतो, आणि दाबाला दिशा नसते. महाकालच्या दर्शनाच्या रांगेत चहूबाजूंनी चेपले गेलात तर गर्दी आहे एवढंच कळतं. ती कुठून लोटतेय ते कळत नाही. पण रांगेबरोबर तुम्ही स्वतः डोललात, तर लोट कुठल्या रेषेत चाललाय ते अंगालाच कळतं. कोळ्याचा धागा असा डोलतो. आवाज ज्या रेषेत येतो त्या रेषेत तो हलतो. म्हणून एकच धागा दिशेविषयी काहीतरी सांगू शकतो.

आणि कोळ्यांना हे ठाऊक आहे! २०२२ साली याच गटाने प्रसिद्ध केलं की गोल जाळं विणणारे कोळी जाळ्यातूनच हवेतला आवाज ऐकतात आणि आवाज आला त्या बाजूला वळतात. कोळ्याला कानच नाहीत. त्याने रात्रीतून स्वतःच्या अंगाच्या कितीतरी पट मोठा कान विणला, आणि फाटला तर उद्या दुसरा विणेल.

माणसाने बारीक तारेने आवाज पकडायची युक्ती लढवली ती मात्र युद्धात. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफा टेकड्यांआड दडलेल्या, दिसायच्या नाहीत, फक्त गरजायच्या. त्या कुठे आहेत ते आवाजावरून शोधायचं काम लॉरेन्स ब्रॅग यांच्याकडे आलं. वयाच्या पंचविशीत नोबेल मिळालेला हा तरुण बेल्जियमच्या आघाडीवर होता. अडचण अशी की साधे मायक्रोफोन बंदुकांच्या खडखडाटाने भरून जायचे आणि दूरच्या तोफेचा खोल, घुमणारा धक्का त्यांना कळायचाच नाही. त्या धक्क्याची ताकद ब्रॅगना कळली ती शौचकूपात. बाहेर तोफ उडाली की आत बसलेले ब्रॅग जागेवरून किंचित उचलले जायचे! त्यांचे सहकारी विल्यम टकर यांना आणखी एक गोष्ट जाणवली. त्यांच्या बिछान्याजवळ भिंतीला भोकं होती आणि तोफ उडाली की त्यातून गार हवेची फुंकर चेहऱ्यावर यायची. बस्स. टकरनी प्लॅटिनमची अतिशय बारीक तार विजेने तापवली आणि एका डब्याच्या भोकावर ताणून बसवली. धक्का आला की फुंकर, फुंकर आली की तार गार, तार गार झाली की वीज बदलली. मैलोन्मैल अंतरावर असे कित्येक डबे, सगळ्यांच्या वेळा एकाच फिल्मवर, आणि त्या वेळांच्या फरकांवरून नकाशावर तोफेची जागा. उज्जैन ते इंदूर चालणारी आपली तीच दोन माणसं!

पण कोळ्याचा धागा रुमालात विणता येत नाही, आणि तापवलेली तार सदऱ्यात घालून कोण फिरणार? मऊ, धुता येईल, घडी घालता येईल असं कापड ऐकू शकेल का?

खरं तर कापड आवाजाचा शत्रूच. म्हणून तर नाट्यगृहात जाड पडदे लावतात. आवाज त्यांच्यात शिरतो आणि धाग्याधाग्यांत घासून विरतो. लहानपणी काड्यापेटीचा फोन केला असेल तर दुसरी बाजूही आठवेल. दोन काड्यापेट्या, मधे दोरा. दोरा सैल असला की काही ऐकू येत नाही. ताणून धरला की मित्राची कुजबुजही पोहोचते. धागा तोच, फरक ताणाचा. म्हणजे कापडाला ऐकू येत नाही ते त्याच्या ढिलेपणामुळे.

बॉस्टनजवळच्या एमआयटीमध्ये योएल फिंक यांच्या गटाने नेमकी हीच गाठ सोडवली. त्यांनी नमुना कुठला घेतला? कानाचा पडदा. तोही मुळात विणलेलाच असतो! त्यात चाकाच्या आऱ्यांसारखे आणि गोल गोल फिरणारे असे दोन्ही प्रकारचे तंतू आहेत. मग त्यांनी नेहमीच्या मऊ सुताबरोबर ट्वॅरॉन नावाचं कडक सूत विणलं, बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात ते. आता आवाज आला की कापड त्याला गिळत नाही, नगाऱ्याच्या कातड्यासारखं थरथरतं.

किती थरथरतं? साध्या गप्पांच्या आवाजात हवेचा कण जागचा हलतो तो काही नॅनोमीटर. डोक्याचा केस ८० हजार नॅनोमीटर जाड धरा. केसाच्या जाडीचा जवळपास दहा हजारावा भाग! एवढी हालचाल जाणवणारा धागा कसा करायचा?

त्याची पहिली पायरी तुमच्या ओट्यावर पडलेली आहे. गॅस पेटवायचा तो 'खट्' करणारा लायटर. त्यात एका खड्यावर हातोडी बसते आणि ठिणगी पडते. दाब दिला की वीज देणारे पदार्थ असतात, हे प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली शोधलं. खडा मात्र ठिसूळ, विणायचा कसा? १९६९ साली जपानमध्ये हेइजी कावाई यांना आढळलं की एक विशिष्ट प्लास्टिक ताणून, विजेच्या क्षेत्रात ठेवून तयार केलं तर तेही असंच वागतं. प्लास्टिक वाकतं, म्हणजे त्याचा धागा होऊ शकतो.

फिंक यांच्या गटाची कृती ऐका, दिवाळीच्या फराळाची आठवण येईल. दाबाला वीज देणाऱ्या प्लास्टिकमध्ये बेरियम टायटॅनेटचे बारीक कण मिसळायचे. त्याच्या दोन्ही अंगांना वीज वाहून नेणारे थर. भोवती रबरासारखं मऊ आवरण. हे सगळं मिळून मार्कर पेनाएवढी एक जाड कांडी होते. ती भट्टीत तापवायची आणि पाकाची तार निघते तशी ओढायची. त्या मार्करएवढ्या कांडीतून ४० मीटर धागा निघतो.

थांबा. अळूवडीचा उंडा कापताना पाहिलाय ना? कुठेही कापा, आतलं भोवऱ्याचं चित्र तेच. आता कल्पना करा, त्या उंड्याला दोन्ही टोकांनी ओढत ओढत कोणी दोऱ्याएवढा बारीक केला, आणि तरी त्या दोऱ्याच्या प्रत्येक कापात तोच भोवरा दिसतो, फक्त पिटुकला! धागा ओढण्याची करामत ही आहे. कांडीत जे मोठ्या आकारात रचलं ते धाग्यात जागच्या जागी बारीक होऊन येतं. मिलिमीटरचं काम हाताने करा, बारीक काम भट्टी करेल.

आणि ते मऊ आवरण कशाला, असं विचाराल तर तीच खरी हुशारी. पायजम्याचं कापड ढिलं असतं, म्हणून सगळा ताण नाडीवर येतो. तसंच इथे. बाहेरचं रबर कुठलाच ताण सोसत नाही, सहज लांबतं. त्यामुळे कापडाच्या थरथरीचा सगळा भार आतल्या त्या पातळ, वीज देणाऱ्या पट्टीवर गोळा होतो. पायजम्याच्या नाडीने जगातल्या एका उत्तम प्रयोगशाळेचा प्रश्न सोडवला, असं मी म्हणालो तर फिंक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

हे काम मार्च २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पहिलं नाव वेई यान यांचं. वाचनालयातल्या शांततेपासून भर रस्त्यावरच्या रहदारीपर्यंतचे आवाज त्या कापडाने पकडले. आणि गंमत म्हणजे सगळं कापड या धाग्याचं लागत नाही, एकच धागा मधून विणलेला पुरतो. बाकीचं कापड त्याचं कातडं. दहा वेळा मशीनमध्ये धुतलं तरी ते ऐकत राहिलं. सदऱ्याला आतून छातीपाशी धागा शिवला तर हृदयाची 'लब-डब' नोंदली गेली.

दिशेचं काय? त्यांनी सदऱ्याच्या पाठीवर असे दोन धागे लावले. मग वेगवेगळ्या कोनांत उभं राहून टाळ्या वाजवल्या. तीन मीटर अंतरावरून आलेल्या टाळीचा कोन सदऱ्याने एका अंशाच्या आत ओळखला. एक अंश! तुमच्या-माझ्या कानांची उत्तम दिवशीची अचूकता तेवढीच. दोन धागे समजा ३० सेंटीमीटरवर असतील, तर एका अंशाच्या फरकाने टाळी एका धाग्याला दुसऱ्याहून सुमारे १५ मायक्रोसेकंद आधी पोहोचते. जयसिंगाने दगड आणि चुन्यातून दिगंश यंत्र उभं केलं. हे पाठीवर घालायचं दिगंश यंत्र.

मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पदरानं ऐकायचं?" विनोद सोडला तर गोष्ट खरी आहे. कानातलं यंत्र आवाज मोठा करतं, पण मंगल कार्यालयात बँड, भांडी आणि शंभर माणसं एकदम मोठी झाली तर उपयोग काय? यंत्राला आधी हे कळायला हवं की बोलणारा कुठे आहे. त्यासाठी लांबरुंद, दोन टोकांना अंतर असलेला कान हवा, आणि अंगावरच्या कापडाएवढं लांबरुंद आपल्याकडे दुसरं काय असतं? अर्थात धागा नुसता वीज देतो. तिचा अर्थ लावायला सोबत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स लागतं, आणि तेही मऊ करणं हे अजून बाकी असलेलं काम. मावशीला मी बाजारात मिळेल असं काही सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेत. कांडी तापवून धागा ओढायची कला मात्र आपल्या दारात आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला शुद्ध काचेच्या जाड कांड्या बनतात आणि वाळूजला त्यांतून केसासारखा काचेचा धागा ओढला जातो. पैठणी आणि हिमरूच्या मुलखात काचेचं सूत! तुमचं इंटरनेट त्या धाग्यातूनच येतं. आणि हा धागाही ऐकतो, कुणी त्याला तसं शिकवलेलं नसताना.

कसं? काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात अणूंच्या पातळीवर बारीक असमानता राहते. प्रकाशाचा झोत सोडला की त्यातला किंचितसा भाग जागोजाग विखरून मागे येतो. आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. आता जमिनीत पुरलेल्या धाग्यावर पावलाचा धक्का बसला तर तिथली काच रेसभर ताणली जाते आणि तिथून परतणारा प्रकाश जरा बदलतो. बदल कुठे झाला? पुन्हा घड्याळच! काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून दर मीटरमागे प्रतिध्वनीला १० नॅनोसेकंद जास्त लागतात. उशीर मोजा, जागा सांगा. किलोमीटरच्या किलोमीटर पुरलेली साधी केबल अशी हजारो कानांची रांग होऊन जाते. स्वालबार्डजवळ उत्तर ध्रुवीय समुद्रात १२० किलोमीटरच्या केबलने देवमाशांची गाणी ऐकली.

आणि आपल्याकडे तिने हत्तींची पावलं ऐकली. ईशान्य सीमांत रेल्वेने २०२२ साली बंगालच्या डुआर्समध्ये, चालसा ते हासिमारा मार्गावर ही व्यवस्था बसवली. रुळालगतच्या केबलमधून हत्तीच्या पावलांचा धक्का ओळखायचा, कुठल्या किलोमीटरवर आहे ते काढायचं आणि गाडीच्या चालकाला सावध करायचं. 'गजराज' असं तिचं नाव. रात्री जंगलातून जाणाऱ्या इंजिनाच्या कितीतरी पुढे, मातीखाली पडलेला एक काचेचा केस हत्तीची चाहूल घेत असतो. मला तरी रेल्वेने केलेल्या कामांत हे सगळ्यात देखणं वाटतं.

अजून एक उलटी गंमत राहिली. दाबाला वीज देणारा पदार्थ विजेने हलतोही. म्हणजे ऐकणारा धागा बोलूही शकतो. फिंक यांच्या गटाने तेही करून पाहिलं: एका कापडाला वीज देऊन शब्द बोलायला लावले आणि दुसऱ्याने ते ऐकले. २०२४ साली याच गटाने केसाहून जेमतेम जाड असा धागा रेशमात शिवला आणि त्या रेशमाला गप्प करायला शिकवलं. बाहेरून आवाज आला की रेशीम बरोबर उलट्या लयीत थरथरतं, किंवा विजेने स्वतःला इतकं स्थिर धरतं की आवाज पलीकडे जातच नाही. या दुसऱ्या पद्धतीत पलीकडे जाणारा आवाज ७५ टक्क्यांपर्यंत घटला. रेशमाचा पडदा म्हणजे भिंत! येवल्याच्या एखाद्या विणकराने उद्या लग्नाचा बँड बंद करणारी पैठणी विणली, तर मी पहिलं गिऱ्हाईक.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्याकडे असलेल्या दोन कानांची परीक्षा घ्या; त्याला ना रेशीम लागतं ना भट्टी. मीटरभर लांबीची रबरी नळी घ्या, झाडांना पाणी घालतो तसली. पेनाने तिचा बरोबर मध्य खूण करून ठेवा. दोन्ही टोकं कानांशी धरा, नळी पाठीमागून जाऊ द्या, डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी सांगा, त्या खुणेच्या आसपास पेन्सिलीने हलकेच टिचकी मार आणि कुठे मारतोस ते मला सांगू नकोस. प्रत्येक टिचकीला तुम्ही फक्त म्हणायचं: डावी, उजवी की मध्य. टिचकी मध्यापासून एक सेंटीमीटर सरकली की एका कानाची वाट दुसरीहून दोन सेंटीमीटर लांब होते, म्हणजे सेकंदाचा सतरा हजारावा भाग उशीर. मी मावशीच्या गच्चीत तिच्या नातवाबरोबर करून पाहिलं. एका सेंटीमीटरला दोघांचंही उत्तर दर वेळी बरोबर आलं. अर्ध्या सेंटीमीटरला तो जिंकला.